भरून ठेवलेली बॅग

१ जून, सकाळ.
आमच्या खालच्या बेसबॉल लीगमधून वर मेजर लीगचं बोलावणं आलं की धावपळ नको, म्हणून बॅग भरून ठेवली. जनीनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, चौतीस वर्षांचा घोडा झालास, ऑगस्टअखेर वरून बोलावणं आलं नाही तर निमूट माझ्या भावाच्या गालिच्यांच्या दुकानात बसायचं. बरं म्हटलं. बायकोचं मन कशाला मोडा?

४ जून.
पिचर म्हणून दोन इनिंग चेंडू टाकले, सहा रन दिले. उकाड्यानं चेंडू हातातून निसटत होता. वेग मोजायच्या यंत्रावर माझे ताशी ८४ मैल आले. यंत्र बिघडलंय. नव्या पिचरचे ९७ दाखवले, म्हणजे पुरतंच बिघडलंय.
संकल्प: रोज पहाटे पाच मैल धावणे.

५ जून.
धावलो नाही. आठ तास बसमध्ये बसून पाठ धरली.

१९ जून.
तीन होमरन गेले, थेट कुंपणापार. पैकी दोन वाऱ्यामुळे. तिसरा पार्किंगमध्ये पडला, पण चेंडू मी अगदी मला हवा तिथेच टाकला होता. माझे चेंडू झेलणारा कॅचर म्हणाला, हो ना, बॅटरलाही तिथेच हवा होता. खोचक आहे मेला.
बॅगेतले मोजे काढले. धुऊन परत ठेवीन.

८ जुलै.
वरच्या, मेजर लीगच्या टीमचा बॅटर टॉलिव्हर आलाय. खांद्याच्या दुखण्यातून उठलाय, तीन दिवस आमच्यात खेळून हात मोकळा करणार. रिवाजाप्रमाणे त्यानं सगळ्यांना जेवण दिलं. पंधरा दिवस पीनट बटरवर काढलेले आम्ही, स्टेकवर तुटून पडलो. मग त्यानं मॅनेजर हचिन्सला सांगितलं, सरावाला चेंडू ह्यालाच टाकू दे. ह्याला म्हणजे मला. अख्ख्या टीममधून.

१० जुलै.
टॉलिव्हरला पन्नास चेंडू टाकले. एक्केचाळीस कुंपणापार. त्यानं मला मिठीच मारली. म्हणाला, गेलेला विश्वास तुझ्यामुळे परत आला, वर गेलो की तुझं नाव सांगतो. जनीनला म्हटलं, मुद्दामच सोपे टाकले. ती म्हणाली, मुद्दाम?

२६ ऑगस्ट.
पाच दिवस उरले. मेव्हण्यानं गालिच्यांचे नमुने पाठवलेत. सहज पाहिले. राखाडी बरा आहे.
आज खांदा खरोखरच दुखला. ह्याबद्दल लिहीत नाही.

३० ऑगस्ट.
हचिन्सनं केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, दार लाव. दार लाव म्हणजे घरी जा, हे इथे कुणालाही कळतं. दार लावलं. आणि तो म्हणाला, वरून बोलावणं आलंय, टॉलिव्हरनं शब्द टाकला, मंगळवारी हजर हो. कागद न वाचताच सही केली. जनीन फोनवर रडली. नमुने परत धाडले. यंत्र बिघडलेलंच होतं, आता सिद्ध झालं.

३ सप्टेंबर.
दुपारी तीनला मेजर लीगच्या मैदानावर उभा राहिलो. चाळीस हजार खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. कागद आज वाचला. काम: सामन्याआधी, जाळीमागे उभं राहून बॅटरांना सरावाचे चेंडू टाकणे. एकशे वीस टाकले. कोच म्हणाला, असा माणूस वीस वर्षांत मिळाला नव्हता, टाकेल तो चेंडू बॅटवर बसतोच. मग जाळी गुंडाळली आणि मलाही आत पाठवलं.
जनीन सातच्या सामन्याला आली. तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं विचारलं, तू कधी टाकणार? म्हटलं, टाकून झालं. तिनं अर्धा हॉटडॉग माझ्या हातात दिला.
संकल्प: उद्यापासून अवघड चेंडू अजिबात टाकायचे नाहीत. हा जमेल.