पितळी ठोकणी कोणाला

मी, गुंडूराव बसवंतराव जिंगाडे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा बंदुका-पिस्तुलं दुरुस्तीचा, राहणार काटनपेठ, बेंगळूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना, माझ्या पश्चात काय कोणाचं ते ठरवून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हात नाहीत, दोन वर्षं झाली, कापतात. म्हणून मी सांगतो आहे आणि शेजारचे श्रीकांत, जे कोर्टात कारकून होते, लिहून घेत आहेत. मधूनमधून ते 'हे कायद्यात बसत नाही' म्हणतात. त्यांनी म्हणावं, पण लिहावं.

१. राहतं घर माझी मुलगी हेमलता हिचं. शाळेत शिकवून घरी येते आणि माझ्या शर्टाची बटणंसुद्धा तीच लावते. यावर कोणी तोंड उघडू नये.

२. मेहुणे सुब्बाराव यांनी माझा मोठा शेगडा, म्हणजे काम घट्ट धरायचं यंत्र, आठ दिवसांकरिता नेला त्याला अकरा वर्षं झाली. विचारलं की 'स्वल्प थांबा भावजी' म्हणतात. शेगडा आता त्यांचाच समजावा. मात्र माझ्या तेराव्याला पानावर बसताना त्यांनी तो आठवावा, एवढी अट आहे.

३. दुकानातली सगळी हत्यारं, पितळी ठोकणीसकट, माझा मुलगा प्राणेश यास द्यावीत. याचं कारण लिहून ठेवणं भाग आहे.

पिस्तुलाला नेम धरायला पुढे माशी असते, मागे खाच. गोळी डावीकडे जात असेल तर मागची खाच उजवीकडे सरकवायची, केसभर. आधी सुईने रेघ मारून ठेवायची, पिस्तूल चामड्यात धरायचं, आणि पितळी ठोकणी लावून हलकेच ठोकायचं. पितळ स्वतः झिजतं, पण पोलादाला ओरखडा येऊ देत नाही. हे मी प्राणेशला शिकवलं. त्याचा हात माझ्याहून चांगला होता. त्याला हे कधी सांगितलं नाही, आता कागदावर सांगतो.

सत्तावन सालच्या खंडेनवमीला हत्यारं पूजेत मांडली होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, नेमबाजीच्या क्लबात दिल्लीला जाणाऱ्या चमूची निवड होती आणि प्राणेशचं नाव यादीत होतं. नवमीच्या दुपारी तो सराव करून आला तर गोळ्या दोन बोटं डावीकडे. त्याने ठोकणी मागितली. आमच्यात पूजेतलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. मी नाही म्हटलं. त्याची आई तुंगाबाई म्हणाली, एक ठोकणी द्या, देवीची क्षमा मी मागते. तरी मी नाही म्हटलं.

मग त्याने परसात जाऊन खिळा आणि नारळ फोडायचा दगड घेतला आणि खाच ठोकली. खाच ज्या खोबणीत बसते तिचा ओठ फाकला आणि खाच सैल झाली. सकाळी प्रत्येक गोळीला ती थोडी सरकत होती. त्याला घेतलं नाही. चार लोकांसमोर मी त्याला म्हटलं, लोखंडाने ठोकणारा जिंगाड्यांचा नव्हे. त्याच संध्याकाळी तो आनेकलच्या बसने गेला. तिथे पंपांच्या दुरुस्तीचं काम करतो. आईच्या दहाव्याला आला, माझ्याशी बोलला नाही.

देवी रागावली असती की नाही, मला ठाऊक नाही. रागावलो होतो मी, कारण माझ्या घरात राहून त्याने मला न विचारता दसऱ्याच्या निवडीला जायचं ठरवलं होतं. इतकी वर्षं मी ते देवीच्या नावावर खपवलं.

४. ते पिस्तूल माझ्या लायसनवर आहे. लायसन माझ्याबरोबर संपतं, म्हणून ते पोलीस ठाण्यात जमा करावं. त्याची खोबण नीट करायला मी तीनदा बसलो. ठोकणी एकीकडे, हात भलतीकडे. आहे तसंच जमा होईल.

इथपर्यंत लिहून झालं आणि प्राणेश आला. हेमलतेने त्याला पत्र घातलं होतं. श्रीकांतांनी त्याला सगळं वाचून दाखवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. दुसरा साक्षीदार मिळायचा होता. श्रीकांत कोणाला तरी बोलवायला उठले तर हा म्हणाला, सही मी करतो. श्रीकांत म्हणाले, ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला राहू नये, असा शिरस्ता आहे. सही केलीस तर हत्यारांवर पाणी सोडावं लागेल.

"सरी, हत्यारं नकोत. तुम्ही हे सांगितलंत, त्याला साक्ष म्हणून मला सहीच करू द्या, अप्पा," प्राणेश म्हणाला.

मी म्हटलं, साक्षीला दुसरा कोणीही मिळेल रे, तू हत्यारं घे. तो पेन उघडून समोर बसला आहे. पाच वर्षांनी समोर बसला आहे, त्याला पुन्हा नाही कसं म्हणू? तेव्हा तिसऱ्या कलमातलं त्याचं नाव माझ्या सांगण्यावरून रद्द समजावं. त्या जागी कोणाचं घालावं, मला सुचत नाही. जागा कोरी ठेवली आहे.

काटनपेठ, बेंगळूर
ता. ९ डिसेंबर १९६२

(सही) गुंडूराव बसवंतराव जिंगाडे

आम्हां दोघांच्या समक्ष सही झाली:
१) श्रीकांत, निवृत्त कारकून, राहणार काटनपेठ. लिहिणारही मीच.
२) प्राणेश गुंडूराव जिंगाडे, राहणार आनेकल. नातं: मुलगा. घेणं: काही नाही.