इराणी दालनातलं जास्तीचं बदक

आत्या,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, उजव्या गुडघ्याला थोडा जास्त. दुखणं कसं आहे? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? वहिनीशी अजून बोलत नाहीस असं कळलं. बोल गं, सुनेशी असं किती दिवस धरून बसायचं. मी इथे मजेत आहे. म्हणजे जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि कुणी मागून हाक मारली की मी आधी 'मी नाही' म्हणतो, पण तसा मजेत.

तू शब्द टाकलास म्हणून मला या म्युझियमच्या इराणी दालनात काचा पुसायला घेतलं, हे मी विसरलेलो नाही. शाळेत इतिहासात मला कायम भोपळा (प्रगतिपुस्तकावरच्या सह्या आठव, त्यातल्या अर्ध्या तुझ्या होत्या), पण इथल्या काकांनी तोच इतिहास वस्तू दाखवून डोक्यात घातला. काका म्हणजे दालनाचे जुने राखणदार, तीस वर्षं एकाच स्टुलावर. म्हणतात, सनावळ्या गेल्या खड्ड्यात, मुकुट बघ. इराणच्या जुन्या सासानी राजघराण्याच्या नाण्यांवर राजा बदलला की मुकुट बदलतो, त्यामुळे अक्षर वाचता आलं नाही तरी गादीवर कोण आहे ते कळतं. (आमच्या ऑफिसात हे खुर्चीवरच्या टॉवेलवरून कळतं.) एका चांदीच्या थाळीवर राजा घोड्यावरून मागे वळून सिंहाला बाण मारतोय. मी विचारलं, मग पुढे कोण बघतंय? काका म्हणाले, घोडा. राज्यं अशीच चालतात.

आणि ज्या वस्तूचा उपयोग कुणालाच कळत नाही तिच्या कार्डावर विद्वान लोक 'बहुधा धार्मिक विधीसाठी' असं लिहितात, हेही त्यांनीच सांगितलं. तिथेच माझी अक्कल चरायला गेली.

गेल्या महिन्यात चार नंबरचं कपाट पुसायला उघडलं होतं आणि माझ्या पिशवीत एक मातीचं बदक होतं (कुठून आलं ते पुढे सांगतो). पाठ काळी चकचकीत, पोट खरखरीत, चोच अर्धी उडालेली. दिसायला थेट दोन हजार वर्षांचं. ते सुरईशेजारी ठेवलं. दालनातली कार्डं काकाच हाताने लिहितात, म्हणून त्यांच्या अक्षराची नक्कल करून लिहिलं: 'पक्षी. भाजलेली माती. इराण. बहुधा धार्मिक विधीसाठी.' मोठ्या बाईंच्या कधी लक्षात येतं तेवढं बघायचं होतं. (मोठ्या बाई म्हणजे दालनाच्या प्रमुख. चष्म्यावरून बघतात तेव्हा आपण आज काय खाल्लं तेही त्यांना दिसत असावं.) एका दिवसाचा खेळ. पण त्याच संध्याकाळी बाईंनी कपाटांच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. बदक आत, मी बाहेर. वर एक मुलगी येऊन सगळ्या राजांना सोडून तासभर बदकाचंच चित्र काढत बसली.

सोमवारी वार्षिक तपासणी झाली. रजिस्टरात अकरा वस्तू, कपाटात बारा. आता वस्तू कमी भरली तर काय करायचं याचं छापील पत्रक आहे, पोलीस, पंचनामा, सगळं. जास्त भरली तर काय, याचा नियमच नाही. इतक्या वर्षांत इथे चोरून कुणी काही ठेवलेलंच नाही. कार्ड काकांच्या अक्षरात, तेव्हा बाईंनी ठरवलं की वस्तू आली तेव्हा काकांकडूनच नोंद करायची राहिली. काका महिनाअखेर निवृत्त होतायत. त्यांनी लेखी खुलासा देईपर्यंत निवृत्तीचे कागद अडकले. आणि हा माणूस भांडतही नाही गं. भिंग घेऊन जुनी रजिस्टरं चाळतो, डबा भरलेलाच घरी नेतो. मी विचारलं, "काका, सापडेल का?" तर म्हणाले, "नसलेलं शोधायला वेळ लागतो रे."

काल मी दोनदा बाईंच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या म्हणून परत आलो. दुसऱ्यांदा फोनवर नव्हत्या, म्हणून परत आलो.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना चिमटे.

तुझा (हे वाचेपर्यंत तरी लाडका)
भाचा

ता. क. बदक तुझंच आहे, टाचा घासायचं. तुला दोन दिवस शोधायला लावून परत ठेवणार होतो. वहिनीने फेकलेलं नाही.

आणखी ता. क. खरं काम हे. त्याच्या जोडीचं दुसरं तुझ्याकडे आहे ना? ते घेऊन शुक्रवारी इथे ये आणि बाईंना सांग की मागे दालन बघायला आले होते तेव्हा एक माझ्याकडून राहिलं. तू जन्मात खोटं बोललेली नाहीस, म्हणून तुझं पटेल. कुलपाच्या आत कसं राहिलं ते मी विचार करून ठेवतो.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला काकांकडे गोंद मागितला. म्हणाले, "आत्याला घालतोयस वाटतं मध्ये?" त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण न लिहिलेलं आपलं अक्षर माणसाला ओळखू येतंच, आणि बदकाला साबणाचा वास येतो. मग बोलला का नाहीत, विचारलं. "मी जाणारच आहे," म्हणाले, "तू आत्ता कुठे आलायस." गोंद तिथेच ठेवला आणि बाईंकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. तेव्हा तू येऊ नकोस. काकांचे कागद सुटले, त्यांचा निरोप समारंभ ठरल्या दिवशीच आहे. माझा आजच उरकला. भाषण एकट्या बाईंचंच झालं, पाऊण तास, मध्ये पाणीसुद्धा न पिता.