फ्रिजची घरघर आणि माझा फाटका आवाज

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

गौलीगुडा, हैदराबाद
कार्तिक वद्य नवमी

ती. सौ. मंगलावन्सं यांना शोभाचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? नांदेडला थंडी सुरू झाली असेल, तेव्हा पहाटे गार पाण्यात हात घालू नका. इकडे तुमचे बंधू ठीक आहेत. मीही देहानं ठीक. डोकं मात्र जागेवर नाही आणि त्याला कारण तुमचा लाडका भाचा. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण या घरात मोठ्यानं बोललेला शब्द हल्ली माझा राहत नाही. तो टेपवर जातो आणि तिथून जगभर.

तुम्हाला माहीतच आहे, हर्षदनं अनिकेत आणि साईकिरण अशा दोघांना धरून रॉक गाण्यांचा बँड काढला आहे. काढू दे. दिवसभर कंपनीत कंप्यूटरपुढे बसतो, संध्याकाळी गिटार बडवली तर मी काही म्हटलं नाही. पण रेकॉर्डिंग करायचं तर माणसानं दिलसुखनगरला स्टुडिओ आहेत तिथं जावं की नाही? हा गेला जुन्यापान्या सामानाच्या जुमेरात बाजारात आणि तिथून एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर उचलून आणला. झाकण नाही, बटणाला रबरबँड, आत कुणाच्या घरचं झुरळ. (ते मी मारलं. त्यावरही त्याचं तोंड वाकडं.) म्हणे याला लो-फाय म्हणतात. म्हणजे चांगलं करायची ऐपत असून मुद्दाम वाईट करायचं. आम्ही जन्मभर ऐपत नसताना चांगलं करत आलो, त्याला काही नाव आहे का, ते विचारा.

मी मॅट्रिक बाई, समजून घ्यावं म्हणून शांतपणे विचारलं. तर म्हणाला, "आई, खोलीत माणूस होता हे ऐकू यायला पाहिजे. स्टुडिओत सगळं पुसून टाकतात." मी म्हटलं, "मग उद्यापासून तांदूळ निवडत नाही. घरात बाई होती हे दाताखाली कळू दे." आणि खरंच निवडले नाहीत. तर तो अनिकेत भात खाऊन म्हणाला, "काकू, एकदम रॉ!" आणि वर आणखी वाढून घेतला. अशा पोरांना शिक्षा तरी कशी करायची?

मग फ्रिज. आपला जुना फ्रिज किती घरघरायचा, तुम्ही गेल्या वर्षी दिवाळीला आलात तेव्हा रात्रभर कूस बदलत होतात. घरखर्चातून हल्लू हल्लू बाजूला टाकून मी मेकॅनिक बोलावला, फ्रिज गप्प केला, देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी हर्षद आला आणि फ्रिजला कान लावून असा उभा राहिला, की शेजारच्यांना वाटावं कुणी गेलं. माझ्या फ्रिजच्या घरघरीवर म्हणे त्यांनी सगळ्या गिटारी लावल्या होत्या. मी त्यांचा षड्ज दुरुस्त करून टाकला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. (गळक्या नळाखाली मी फडकं ठेवलं की कोण काढून टाकतं, तेही आता समजलं.)

इथवर मी सोसलं. पण गेल्या महिन्यात एका गुरुवारी मला सर्दी झालेली, तरी दत्ताची आरती चुकवायची नाही म्हणून उभी राहिले. चढी ओळ आली आणि माझा आवाज जुनं धोतर फाटावं तसा टरकन फाटला. तुमच्या भाच्यानं देवघराबाहेर टेप चालू ठेवला होता. तेच फाटणं त्यानं गाण्याच्या मधोमध घातलं, मागून साईकिरणचे ढोल, गाण्याचं नाव 'गुरुवार', आणि दिलं इंटरनेटवर सोडून. पोलंडच्या कुणा माणसानं खाली लिहिलंय, ही म्हातारी जिथं फुटते तिथं मला रडू आलं. म्हातारी! मी त्याच्या बापाचं काय घोडं मारलं होतं?

परदेशातला माणूस रडला तर रडो. पण आमच्या भजनी मंडळाच्या विमलबाईंनी ते ऐकलं. सुलतान बाजारात भर दुकानात, अंगावर साडी लावून बघता बघता त्यांनी माझ्या घशाची चौकशी केली आणि म्हणाल्या, "दत्तजयंतीला तुम्ही टाळ धरा शोभाताई, सुरुवात दुसऱ्या कुणाला देऊ." सासूबाईंनंतर ती सुरुवात माझ्याकडे आली, वन्सं. पहिली ओळ मी उचलते म्हणून मी त्या मंडळात कुणीतरी आहे. नाहीतर चपला सांभाळणाऱ्या बाईत आणि माझ्यात फरक काय?

घरी येऊन मी हर्षदला फैलावर घेतलं. त्यानं घाबरून कंप्यूटरवर माझी आरती धुऊन दिली. फाटणं नाही, खोकला नाही, घंटेचा सुद्धा खणखणाट नाही. ऐकलं आणि मस्तकात तिडीक गेली. रेल्वे स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगणारी बाई असते ना, ती दत्ताला ओवाळत होती. विमलबाईंना तेही ऐकवलं, तर त्यांनी विचारलं, हे कुणाकडून म्हणवून घेतलंत? म्हणजे मळकं ते माझं, आणि धुतलेलं परक्याचं.

तर वन्सं, हर्षद फक्त तुमचं ऐकतो. दत्तजयंतीच्या आत त्याला फोन करा आणि ते 'गुरुवार' इंटरनेटवरून काढायला लावा. तुमचा शब्द तो मोडणार नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. भावजींना नमस्कार.

तुमची,
शोभा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी लिहिते आहे. फोन करू नका. आज दुपारी घरात कुणी नसताना ते गाणं पुन्हा लावलं. माझा आवाज फाटतो तिथं मी नेहमी रागानं बंद करत असे, आज हात पिठाचे होते म्हणून चालू राहिलं. सगळं संपल्यावर नुसती खरखर उरते. त्यात मी ताम्हण घेऊन स्वयंपाकघरात गेल्याचं ऐकू येतं, आणि मग तुमचे बंधू. हळूच हर्षदला म्हणतात, "बंद कर रे ते. तुझी आई चढी धरते ना, तिथं बरं वाटतं बघ. फाटला तरी तिचाच बरा." धुतलेल्यात हे नाही. तिथं खरखरीबरोबर तेही गेलं.

इतक्या वर्षांत माझ्या आमटीलासुद्धा 'ठीक' यापलीकडे शब्द नाही आणि हे बोलले कधी, तर माझी पाठ वळल्यावर. असा संताप आला आहे की आज त्यांना चहा उशिरा दिला.

ता. क. २. दत्तजयंतीला सुरुवात मीच करणार. विमलबाईंना काय वाटायचं ते वाटो. तुमच्या माळ्यावर सासूबाईंचा जुना टेपरेकॉर्डर आहे, तो कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा. हर्षदचा बंद पडायला आला आहे. पुसूबिसू नका. आणि तुमच्या बंधूंना यातलं काही कळू देऊ नका, नाहीतर पुढच्या आरतीपासून तोंडाला कुलूप लावतील.