हूतकडून येणारं काम

९ मार्च
झालं! आमची आई, उम्मी, ऐकायलाच तयार नाही. पुढच्या आठवड्यात स्फाक्सच्या कोर्टात उभं राहून तिनं म्हणायचंय — माझा मुलगा वजदी चार वर्षांपूर्वी होडीतून परदेशी निघाला, तो समुद्रातच गेला. "त्याआधी त्याची मेल एकदा बघ, नजला. काही लिहिलं असेल पोरानं." पण त्याचा कॉम्प्युटर चार वर्षं बंद! ब्राउझर इतका जुना, की एक साइट उघडत नाही. त्यात भाऊरायांचं लाडकं लिनक्स — तयार काही घ्यायचं नाही, प्रत्येक प्रोग्रॅम मूळ कोडवरून घरीच कंपायलरनं बनवायचा. आधी जुन्या कंपायलरनं पायाचे प्रोग्रॅम, मग नवा कंपायलर, मग बाकी सगळं. मेले मी.

१० मार्च
सुरू केलं. पंखा नुसता बोंबलतोय.

११ मार्च
काहीतरी विचित्र आहे. दिवसभर चालेल वाटलेलं काम जेवणाचे ब्रीक, अंडं भरलेल्या करंज्या, तळून होईपर्यंत संपलं. पडद्यावर बघितलं — निम्मं काम दुसरंच मशीन करून पाठवत होतं. नाव हूत.

हूत म्हणजे वजदीचा लॅपटॉप. दोन्ही मशीननी काम वाटून घ्यायचं, जगात कुठूनही, ही सोय त्याचीच. मी बंद करायला विसरले. पण हूत तर त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता, होडीत! ब्रीक गार होऊन गेले.

१२ मार्च
हूतला मेसेज पाठवला: कोण आहे? उत्तर नाही. काम मात्र येतंय, मुकाट्यानं.

मुनसिफमामा म्हणाला, "अगं, होडीवाल्यानं ढापून विकला असेल. घेणाऱ्याला पत्ताही नसेल. आईला उगाच आशा लावू नकोस हां!" उम्मीला काही बोलले नाही.

१४ मार्च
इथे नवा कंपायलर चढवला. दोन्हीकडे एकच व्हर्जन लागतं, नाहीतर काम वाटलं जात नाही. हूतची मदत थांबली. थांबणार हे माहीत होतं, तरी ढसाढसा रडले. मामाचंच खरं. उम्मी कोर्टासाठी अंगाभोवती गुंडाळायच्या पांढऱ्या सफसारीला इस्त्री करतेय.

१६ मार्च
हूत परत काम पाठवतोय. नव्या कंपायलरनं! तो आपोआप चढत नाही — तिकडे कुणीतरी बसून, माझ्या मागोमाग, हातानं चढवलाय. त्या लॅपटॉपचा पासवर्ड वजदीशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

उम्मी कोर्टात जायला दारात चपला घालतेय. जिवंत आहे म्हणून सांगू? मग ती विचारेल, चार वर्षं बोलला का नाही.