बारा ते साडेबारा

ता. ६ एप्रिल १९६४, सोमवार

सरकारचा नवा कायदा आला म्हणे. डायवरनं पाच घंटे गाडी चालवली का त्याले अर्धा घंटा बसवा, जेवू द्या! भालचंद्र कारकुनानं सकाऊनच नवं रजिस्टर माह्यापुढं आपटलं. "मुकादम, इन्स्पेक्टर केव्हाही येईल. रोज प्रत्येक ड्रायव्हरची सही हवी. बारा ते साडेबारा, विश्रांती."

विश्रांती! एकतीस वर्सं झाली मले या तेलाच्या मिलीत. बैलगाडीवर डबे जात होते तवापासून. मी बी तं दुपारी जेवत नाई. सकाऊन दोन भाकरी, संध्याकाळी दोन. मेलो काय?

खामगावहून नांदुरा, मंग मोताळा, मंग रोहिणखेड. दुकानाइले डबे उतरवून वापस, अन् दुसरी खेप. याच्यात अर्धा घंटा कुठून आणू? वाण्याकडून तोलून?

ता. ७ एप्रिल

तोड काढली. सकाऊन फाटकावर डब्याइची चिठ्ठी देतो, तवाच सही घ्याची. गाडी बाहेर निघाच्या आधीच जेवण झालं!

भालचंद्र हसला. म्हणे, "तुम्ही चौथीत शाळा सोडलीत, हे सरकारचं नशीब."

ता. ९ एप्रिल, गुरुवार

पुंजाजीनं अंगठा लावला अन् मंग इचारते, "मामा, काय लिवलं हो याच्यात?"

"तू बारा वाजता जेवला, असं लिवलं."

"आता तं सातच वाजले."

"हाव."

"मंग बारा वाजता जेवू का मी?"

"एक डाव जेवला ना बे! किती खातं?"

सारे हमाल हसले. तो बी हसला. माह्याच गावचा हाये, म्हून मामा म्हणते. गाडी चालवते, तोंड चालवत नाई. असाच माणूस कामाचा.

शेषराव डायवर नाई हसला. म्हणे, "जेवलोच नाई तं सही कायची?" बरं! उद्यापासून त्याले जुनी गाडी. पंधरा डाव हँडल मारल्याबिगर सुरू होत नाई ते.

ता. १३ एप्रिल

शेषरावनं सही केली. हाताले फोड होते. इचारलं नाई मी, त्यानं सांगतलं नाई.

ता. १६ एप्रिल, गुरुवार

पुंजाजीची बायको शालूबाई फाटकावर आली. म्हणे, "मामाजी, भाकर वापस येऊन राह्यली. रोज. बांधली तशीच. त्याच्या पोटात आग पडते, उलट्या होतात. डाक्तर म्हणे, टेमावर खा."

मी म्हटलं, "वापस येते तं कमी बांधत जाय."

मंग गेली. बायाइचं ऐकून घेतलं का त्या रोज येतात.

ता. १८ एप्रिल

दोन्ही खेपा चारच्या आत. शेठ स्वतः गादीवरून उठून आले. "वा मुकादम!"

ता. २३ एप्रिल, गुरुवार

मोताळ्याच्या अलीकडं पुंजाजीची गाडी पलटली — बैलगाडीवर. गाडीवाला म्हातारा जागीच गेला. पुंजाजीचा पाय गुडघ्याखाली चेंदला. टेम काय? सव्वाबारा!

शेठनं मले जीपमधी बसवलं. "जमादार पंचनामा करायच्या आत पोचा. काय पाहायचं ते पाहून घ्या." हे समजाले शाळा लागत नाई.

रस्ताभर तेल. म्हाताऱ्यावर घोंगडं टाकलं होतं, अन् त्याच्या बाजूलेच लोक लोट्याइनं तेल भरून घेऊन राह्यले. पुंजाजी लिंबाखाली पडेल होता. "मामा, डोयापुढं अंधारच आला हो... पोटात काईच नव्हतं..." मी म्हटलं, "चूप राह्य."

गाडीत सीटखाली फडकं सापडलं. गाठ सुटेल नव्हती. दोन भाकरी, ठेचा, कांदा. जमादाराले हे दिसलं असतं तं रजिस्टर खोटं पडलं असतं. उचललं, धोतराच्या सोग्यात लपवलं.

वापस येता येता जीपमधीच खाल्लं. फेकून कायले द्याचं? ठेचा चांगला होता.

ता. २४ एप्रिल

फडकं चुलीत घातलं.

ता. ११ मे, सोमवार

दवाखान्यात पुंजाजीचा पाय कापला. पोलिसाइले त्यानं जबाब देल्ला — मुकादमानं जेवू देल्लं नाई, भुकेनं चक्कर आली. मले जरा घाम फुटला. भालचंद्र म्हणे, "सांगू दे ना. रजिस्टरात तेवीस तारखेला अंगठा कोणाचा आहे?"

ता. २ जून

इन्स्पेक्टर येऊन गेला. पंख्याखाली बसला, चहा घेतला, पानं उलटली. तेवीस तारखेवर बोट ठेवलं. "सुट्टी दिली होती तर हा गाडी का चालवत होता?"

मी म्हटलं, "त्याचं त्याले माहीत साहेब. आमी घास भरवत नाई."

हसला. खाली सही करून गेला. म्हणे, असं रजिस्टर सगळीकडं पाह्यजे.

ता. १४ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारी पुंजाजीची केस. आज शालूबाई घरी आली. बसली नाई. उभ्यानंच बोलली.

"मामाजी, त्या दिवशी गाडीत फडकं होतं. म्याच बांधलं होतं. गाठ सुटेल नसन तं साहेबाले समजन, का हा माणूस उपाशी होता. कुठं हाये ते?"

"मले काय माहीत? लोकाइनं तेल नेलं, फडकं बी नेलं असन."

"मंग एवढं तरी सांगजा, का अंगठा सकाऊनच घेता. तुमी सांगतलं तं तो सुटते. नाईतं माणूस मारला म्हून जाते."

माही बायको झुंबर चुलीपाशी होती. ते फडकं चुलीत जाताना तिनं पाह्यलं होतं. हाताचं काम थांबलं तिचं.

मी म्हटलं, "हे पाह्य. खरं बोलून पाय उगवते का? मिलीचं नाव घेतलं तं उद्या दारात कोणी उभं करणार नाई. त्याले सांग — कोर्टात म्हण, जेवलो होतो, बैल आडवा आला. शेठ अशा माणसाले विसरत नाईत."

"अन् जेल झाली तं?"

"जेलीत टेमावर जेवण भेटते."

रडली नाई. रडली असती तं बरं. माह्या पायाकडं पाहून राह्यली. दोन्हीकडं.

झुंबरनं ताट वाढलं अन् भायेर जाऊन बसली. रोज समोर बसते. नाई बसली तं नाई बसली.

ता. १७ ऑगस्ट, सोमवार

कोर्ट. मी शपथ घेतली. "रोज बारा ते साडेबारा साहेब. एक मिनिट कमी नाई." जीभ अडखळली नाई. एकतीस वर्साची हाये.

पुंजाजी कुबड्याइवर उभा. साहेबानं रजिस्टर दाखवलं. "हा अंगठा तुझा?"

"हाव साहेब."

"त्या दिवशी जेवला होतास?"

माह्याकडं पाह्यलं त्यानं. साहेबानं दुसऱ्यांदा इचारलं.

"हाव. पोटभर जेवलो. बैल आडवा आला."

सरकारी वकिलानं पोलिसातला जबाब वाचून दाखवला. तो म्हणे, "तवा पाय दुखे साहेब. काई बी बोललो."

तीन महिने. मेलेल्या म्हाताऱ्याचा भाऊ मागं बसेल होता, तो म्हणे, एवढेच? शालूबाई भिंतीले टेकून उभी. शेषराव भायेर थुंकला. रस्त्यावर का माह्यावर, समजलं नाई.

ता. १८ ऑगस्ट

गाड्या टेमावर निघाल्या. सह्या झाल्या.

ता. २१ नोव्हेंबर, शनिवार

पुंजाजी सुटला. आज फाटकावर आला. पार वाळला, पर जेलीत दाढी करून देतात वाटते, तोंड साफ होतं. मले वाटलं, आता हात पसरन. कोपऱ्यात पोते शिवाचं काम द्यावं, असं मनात बी आणलं होतं.

"रामराम मामा," म्हणे. थांबला नाई. ठक ठक करत सरळ शेठच्या खोलीत. अर्धा घंटा होता आत.

ता. २८ नोव्हेंबर, शनिवार

भालचंद्रनं बोलावलं. "उकंडराव," — मुकादम नाई म्हटलं! — "सोमवारपासून तुम्ही घरी आराम करा. वय झालं. फाटकावर पुंजाजी बसेल."

"त्याले लिवता येत नाई!"

"अंगठे घ्यायला लिहिता कुठे यावं लागतं? आणि रजिस्टर खरं आहे असं म्हणून जो जेलमध्ये जाऊन आला, त्याच्याइतका पक्का साक्षीदार शेठना कुठे मिळणार?"

शेठले भेटाले गेलो. शेठ जेवाले बसले होते. पाऊण घंटा भायेर उभा राह्यलो. मंग गडी सांगाले आला, शेठ आता झोपले.

शेठ अशा माणसाले विसरत नाईत, हे मीच तं सांगून धाडलं होतं.

ता. ३० नोव्हेंबर, सोमवार

चाव्या द्याले गेलो. साडेसहाच वाजले होते. पुंजाजी माह्या खुर्चीवर, रजिस्टर मांडीवर, डायवर रांगेत. शेषरावनं सही केली अन् निघाला. पुंजाजीनं कुबडी आडवी घातली.

"अजून पाच कर. शनिवारपावतरच्या."

शेषरावनं केल्या.

मले पाहून पुंजाजी म्हणे, "तुमी रोज रोज घेत होते, मामा. टेम लय जाये."