एका बोटाची मायनर

बाबा,
दुरूनच, पण वाकून नमस्कार.

तुम्ही लिहिलंत, "गिटार आता तुझ्या काय उपयोगाची? भाच्याला पाठवून दे." पाठवणार नाही.

हात बरा आहे, आईला सांगा. टाके निघाले. बेकरीत मला पीठ मळायच्या यंत्रावरून काढून पॅकिंगला बसवलंय, काम हलकं आहे. फक्त डाव्या हाताची मधली दोन बोटं अजून वळत नाहीत, म्हणून वेणी शेजारच्या शिंपीणबाई घालून देतात.

पण अंगठ्याजवळचं बोट शाबूत आहे. ते तीन बारीक तारांवर आडवं दाबलं, की मायनर, म्हणजे उदास सुरांची, कॉर्ड वाजते. दांडीवरच्या पाचव्या घरात ए मायनर, दोन घरं पुढे सरकलं की बी मायनर. अख्खी दांडी मी एका बोटाने पालथी घातली. तुम्ही शिकवलेल्या सहा तारांच्या भरगच्च कॉर्ड तूर्त राहू द्या.

काल शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं, सदानकदा रडकंच काय वाजवतेस?"

म्हटलं, "एका बोटात तेवढंच येतं. हसरं करायला पुढच्या घरात दुसरं बोट टेकवावं लागतं." मी वाजवत बसले.

आईची पाठ कशी आहे? भाच्याला दुसरी गिटार घ्या. त्याची दहाही बोटं धड आहेत, त्याला कुठलीही चालेल.

आज सकाळी मधलं बोट त्या पुढच्या घरात नेलं. सूर निघाला नाही, तार नुसती फट्ट वाजली. पण बोट टेकलं, बाबा.

हट्टीपणात तुमच्यावर गेलेली,
थोरली