पायरीवर बसून पाहिलं

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर ताई कधी करत नाही, म्हणून मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असशील. घाल. पण मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. तुझी बदली झाली, लेकीला घेऊन तू एकटीच या शहरात येणार. पोरगी चारला शाळेतून घरी येणार आणि तू प्रयोगशाळेतून सुटून पोचेपर्यंत सहा वाजणार. ते दोन तास ती कुठे सुखरूप राहील, एवढंच तुला विचारायचं होतं. आणि उत्तरही तूच देऊन मोकळी झालीस. ताईच्या समोरचा फ्लॅट रिकामा आहे, मग आणखी काय हवं?

तसं आमच्या इमारतीला नाव ठेवायला जागा नाही. फाटकावर रखवालदार, त्याच्याकडे नोंदवही, जिन्यात कॅमेरे, फरशी दिवसातून दोनदा पुसतात. अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर शोधत होतो तेव्हा तुझ्या भावोजींना जुन्या बाजारामागची गल्ली आवडली होती. सगळं आयुष्य छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात गेलेलं, त्यांना शांतता मानवायची नाही. मी म्हटलं, तिथे आपल्या पिशवीत वांगी किती आणि बटाटे किती तेही लोक मोजतील. मला कोणाच्या अध्यातमध्यात पडायचं नव्हतं आणि माझ्या अध्यातमध्यात कोणी पडायला नको होतं. ते हसले आणि म्हणाले, तुझ्यापुढे कोणाचं चाललंय. मग आम्ही इथे आलो.

दुसऱ्याच वर्षी मी इमारतीची सेक्रेटरी झाले. कचेरीत तीस वर्षं पत्रं टाइप केलेली बाई म्हटल्यावर हे लोढणं दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडणार? दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात चोऱ्या सुरू झाल्या. चोर बेल वाजवायचे, दाराशेजारी खाली दबा धरून बसायचे आणि कोणी दार उघडलं की आत घुसायचे. तेव्हा मी पाच नियम लिहिले, चकचकीत प्लास्टिकमध्ये घालून घेतले आणि प्रत्येक घरात दाराच्या आतल्या बाजूला लावायला लावले. तिसरा नियम असा: बेल वाजल्यावर दाराच्या भिंगातून पाहावे, माणूस दिसत नसल्यास दार उघडू नये, साखळी लावावी व रखवालदारास फोन करावा. भावोजींनी तो वाचला आणि म्हणाले, बुटक्या माणसांनी काय करायचं? मला राग आला. काम करावं मी आणि थट्टा करावी यांनी.

असो. तुझ्यासाठी तीन ठिकाणी जाऊन आले. दलालाला बरोबर नेलं नाही, त्याला सगळीच घरं सोन्याची दिसतात. मी काय केलं ते ऐक, आणि म्हातारचळ लागला म्हणू नकोस. प्रत्येक ठिकाणी एका जिन्यात गेले, पायरीवर बसले, डोकं भिंतीला टेकलं आणि हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. बागेजवळच्या नव्या वसाहतीत पन्नास मिनिटं बसले. पाच माणसं गेली. एकीने माझी पिशवी ओलांडताना साडी वर धरली, एकाने फोनवर बोलत बोलत मला वळसा घातला. शाळेजवळच्या इमारतीत बत्तीस मिनिटांनी रखवालदार आला आणि इथे बसायची परवानगी नाही म्हणाला.

मग त्या बाजारामागच्या गल्लीत गेले. दुचाक्या, भांडणं, वरून गळणारं धुणं, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. मी नीट टेकलेही नव्हते, तर खालच्या दुकानातली शिंपीण गळ्यात टेप तशीच घेऊन वर आली. कोण तुम्ही, कोणाकडे आलात, चक्कर येतेय का, जेवलात का, गोळ्या कसल्या चालू आहेत, सगळं एका दमात. वरून एका आजोबांनी पाण्याचा तांब्या पाठवला. तिसरी कोणी तरी म्हणाली, हिला आधी आडवी करा. मला काही झालेलं नाही म्हणाले, तर शिंपिणीने मला झाडलं, की सगळे असंच म्हणतात. मी तिथे रडले, धाकटे. त्या बाईला वाटलं, दुखतंय.

तिच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. ओल आहे, नळाला पाणी सकाळीच येतं. तुझ्या खाजगी आयुष्याचा पार बाजार होईल. तू त्याच घे.

आता हे का लिहितेय ते सांगते. भावोजी झोपेतच गेले, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. त्या दिवशी ते वाचनालयात गेले होते, पाचला येतो म्हणाले होते, आणि किल्ली खुंटीवरच राहिली होती. तीन वाजता बेल वाजली. मी भिंगातून पाहिलं, कोणी दिसलं नाही. पुन्हा वाजली, अगदी थोडीशी. मग दाराला खालच्या बाजूला काही तरी घासल्यासारखं झालं. मला वाटलं, चोर. मी साखळी लावली, रखवालदाराला फोन केला. तो जेवायला गेला होता, त्याने उचलला नाही. मी आतल्या खोलीत जाऊन बसले, आणि नियम बरोबर पाळल्याचं मला समाधान वाटत होतं. पाचला त्यांची वाट बघत दार उघडलं, तर ते दाराला कपाळ टेकून बसलेले होते, ते आत कलंडले. डॉक्टर म्हणाले, चारपर्यंत तरी जिवंत असावेत. समोरच्या बाईंनी त्यांच्या भिंगातून पाहिलं होतं, कोणी माणूस पाठमोरा बसलाय एवढंच. त्यांनीही साखळी लावली. घर सोडून जाताना त्या माझ्याकडे आल्या, तो नियमांचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्हीच लिहिलं होतंत ना. तोच फ्लॅट रिकामा आहे. तुझ्या लेकीने चार वाजता त्या दाराबाहेर उभं राहावं आणि आत मी असावं, हे मला सोसणार नाही. खोल्या घेतल्यास की जादा किल्ली शिंपिणीकडे ठेव. माझ्याकडे ठेवू नकोस.

तुझीच,
ताई